हात न टेकता

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, किडनी विभागाच्या व्हरांड्यात, रांगेतल्या पंधरा-वीस माणसांच्या देखत, मला पूर्वसूचना न देता परीक्षेला बसवण्यात आलं. अक्षरशः बसवण्यात आलं. प्लास्टिकची खुर्ची होती, हात नसलेली. मग त्यातून उठायला सांगितलं.

क्रमानं लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. दर तीन महिन्यांनी मी रक्त देते, आकडा ऐकते आणि घरी येते. किडन्या बारा आणे गेल्या आहेत, उरलेल्या चार आण्यांत माझं भागतं. त्याबद्दल तक्रार नाही. आज मात्र पांढऱ्या बुटांतली एक तिशीची बाई मोजपट्टी, घड्याळ आणि पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन समोर उभी राहिली. फिजिओथेरपिस्ट. तिची खोली रंगवायला काढली होती, म्हणून व्हरांडा.

आधी पाच प्रश्न. चालताना त्रास होतो का, खुर्चीतून उठताना होतो का, जिना चढताना, सामानाची पिशवी उचलताना, आणि वर्षभरात कधी पडलात का. पाचही उत्तरं नाही. जानेवारीत स्टुलाचा प्रकार झाला होता, पण त्यात स्टूल पडलं. मी फक्त त्याच्यावर होते.

"आजी, आता हात छातीशी बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. हात टेकायचे नाहीत."

"मी तुमची आजी नाही."

"बरं, मॅडम. करा सुरू."

दोनदा उठले. तिसऱ्या वेळी खुर्ची माझ्याबरोबर उठली. चौथ्या वेळी हात मांडीवर गेला. आपणहून गेला, मी पाठवला नव्हता. रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "होईल, होईल, दम धरा." त्यांचा नंबर माझ्यानंतर होता. त्यांना दम धरता आला का ते बघायला मी थांबले नाही.

मग पिस्तूल. ते मुठीत धरून दाबायचं, की पकडीचा जोर किलोत कळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तेरा किलोची निघाली, आणि ती उजवी. शेवटी पोटरीला मोजपट्टी लावली. लोकांसमोर.

हेही एक वेळ पोटात घातलं असतं. पण निकाल तिनं मला सांगितलाच नाही. मला गाडीतून आणणाऱ्या चिरंजीवांना सांगितला.

"आईंचे स्नायू बरेच झिजलेत. किडनीच्या पेशंटमध्ये होतं हे, पटकन लक्षात येत नाही. पडायचा धोका आहे. राहतात कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या. लिफ्ट नाही."

"अरे बापरे."

मी त्या दोघांच्या मधोमध बसले होते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढली. परीक्षार्थीला डावलून त्याच्या नातेवाइकाला निकाल सांगितलेला मी आजवर पाहिला नाही.

बुधवार, ५ मार्च

तक्रार लिहिली. एक, पूर्वसूचना नाही. दोन, परीक्षेची जागा अयोग्य. तीन, खुर्ची प्रमाणित नाही. चार, निकालाची गुप्तता पाळली नाही. भाषा सभ्य ठेवली. सभ्य भाषेनं जे लागतं ते शिवीनं लागत नाही, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं. शिव्या त्यांनी शिकवल्या नाहीत, त्या नोकरीत शिकले.

वन्संना वाचून दाखवली. वन्सं म्हणजे माझ्या दिवंगत नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शिवण शिकवलं. हे गेल्यावर "वहिनी, चार दिवस सोबतीला येते" म्हणून आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. अंगानं काडी, आणि बोलायचं तर शेजारच्या इमारतीला ऐकू जावं असं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण ती बाई खोटं काय बोलली?"

"खरंखोट्याचा प्रश्नच नाही. पद्धतीचा प्रश्न आहे."

"मग सांगा ना पद्धतशीर, की मी खुर्चीतून उठू शकते."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. टेबलाला हात लावला तो टेबल पुसायचं होतं म्हणून.

वन्संची एक खोड आहे. बरणीचं झाकण कधी नीट लावत नाहीत. घरातली कुठलीही बरणी घ्या, झाकण नुसतं वर ठेवलेलं. पूर्वी अशा नव्हत्या. वय झालं. अलीकडे सामानाच्या पिशव्याही मला हात लावू देत नाहीत, "मला तेवढाच व्यायाम" म्हणतात. हावरटपणा कशाचाही असू शकतो.

रविवार, ९ मार्च

चिरंजीव आणि सूनबाई आले. फळं आणली. फळं आणली की काहीतरी आहे असं समजावं. त्यातली निम्मी मला चालत नाहीत, हेही त्यांना चार वर्षांत कळलेलं नाही.

"आई, आमच्याकडे तळमजल्याची खोली रिकामीच आहे," चिरंजीव म्हणाले. "हे घर देऊन टाकू. एक माणूस विचारतोय."

"कोणाला विचारतोय?"

"मला."

"घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. त्यानं अर्धं घर विचारलं असेल."

सूनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या हसत होत्या. मला त्या पहिल्यापासून बऱ्या वाटतात. मग मी विचारलं, "आणि तुझी आत्या?"

चिरंजीवांनी फोन उलटा करून ठेवला, सुलटा करून ठेवला. "आत्याचं बघू ना काहीतरी. खोली एकच आहे, आई."

वन्सं आत कपबशा धूत होत्या. नळ जोरात सोडला होता.

तासभर वाजलं. मी म्हटलं, एका व्हरांड्यातल्या खुर्चीवरून माझं घर ठरणार असेल तर फेरपरीक्षा घ्या. बावीस एप्रिलला त्या बाईनं पुन्हा बोलावलंच आहे. त्या दिवशी निकाल चांगला आला तर घर हा शब्द काढायचा नाही. वाईट आला तर मी सही करीन. चिरंजीव म्हणाले, "तोंडी नको. रुग्णालयाचा कागद हवा. खरेदीदार चार मेपर्यंत थांबेल."

"कागदच देईन," मी म्हटलं.

शब्द देऊन बसले आहे. तेरा किलोच्या मुठीवर.

बुधवार, १२ मार्च

अभ्यासक्रम मागायला रुग्णालयात गेले. पांढऱ्या बूटवालीला वाटलं मी भांडायला आले. मी म्हटलं, भांडण लेखी चालू आहे, आज शिकायला आले आहे. तिला काही कळलं नाही, पण तिनं खुर्ची दिली. हाताची.

व्यायाम असे: खुर्चीतून उठणं-बसणं, कट्टा धरून टाचा उचलणं, पाण्याची भरलेली बाटली घेऊन हात वर करणं, रबरी चेंडू दाबणं. एक दिवसाआड. दम लागला तर थांबायचं. शाळेत हे सगळं शिक्षा म्हणून करून झालं आहे.

मग तिनं विचारलं, "खाता काय?"

सांगितलं. पाव, भात, भाज्या उकळून पाणी टाकून, सफरचंद.

"डाळ? दूध? अंडं?"

"चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी प्रोटीन कमी करा म्हणून सांगितलं. तेव्हापासून बंद."

"कमी सांगितलं होतं, मॅडम. बंद कोणी सांगितलं?"

शाळेत सिस्टर "कमी बोला" म्हणायच्या तेव्हा आम्ही गप्प बसायचो. कमी म्हणजे किती हे विचारायची पद्धत नव्हती. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं उठून आहारतज्ज्ञ बाईंना बोलावून आणलं, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणि तिघांनी मिळून मला रोज एक अंडं आणि मोजकी डाळ मंजूर केली. एवढी मंजुरी मी नोकरीत नव्या इमारतीलाही पाहिली नव्हती.

"पण माझं वजन चार वर्षं जिथल्या तिथे आहे," मी म्हटलं. मला त्याचा अभिमान आहे.

तिनं माझ्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा राहिला. "हे पाणी आहे. स्नायू गेले, त्यांच्या जागी पाणी आलं. काट्याला फरक कळत नाही. म्हणून तर हे सगळं मोजायचं."

चार वर्षं मी तिथे काट्यावर उभी राहिले, आणि चार वर्षं सगळे "छान, छान" म्हणाले. बाहेर पडताना मी खड्डा परत पाहिला. अजून होता.

रविवार, १६ मार्च

मांड्या दुखतात. सिस्टरांची आठवण आली. चांगली नाही.

वन्संनी अंडं उकडलं आणि समोर बसून राहिल्या. "सगळं खा, वहिनी." मी काय पळून जाणार आहे? धावता येत नाही, असं प्रमाणपत्रच आहे.

गुरुवार, २७ मार्च

तक्रार कक्षातून फोन. अधिकारी गोड बोलत होते. "मॅडम, असा मुद्देसूद अर्ज आमच्याकडे येतच नाही हो. वर पाठवलाय. साहेबांनी वाचून लगेच बैठक लावली."

बरं वाटलं. अजून कुठेतरी लेखी मजकुराला किंमत आहे.

वन्सं दुपारभर बाहेर होत्या. आल्यावर विचारत होत्या की बायकांच्या वसतिगृहात शिवणयंत्र ठेवू देतात का. म्हटलं, कोणाला हवंय? "एका मैत्रिणीसाठी बघून आले. खोलीत तिघी असतात. आठला दिवे बंद." मैत्रीण कोण ते सांगितलं नाही. अकरा वर्षांत वन्संना मैत्रीण असल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवणवर्गातली कोणी असेल. मी म्हटलं, आठला दिवे बंद करणाऱ्या ठिकाणी तिला अजिबात जाऊ देऊ नका. "बरं," म्हणाल्या, आणि माझी खुर्ची ओढून भिंतीला लावली. "चला, उठा."

भिंतीला लावली की ती माझ्याबरोबर उठत नाही. ही युक्ती मला सुचणार होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

पाचही वेळा उठले. हात छातीशी. वन्सं घड्याळ घेऊन मोठमोठ्यानं मोजत होत्या. समोरच्या इमारतीत एकानं टाळी वाजवली. त्यानं खिडकी बंद ठेवावी.

खुर्ची वापरून जरा मोकळी झाली असावी. लाकूड आहे, होतं तसं.

दुपारी जॅमची बरणी उघडली. झाकण चांगलं घट्ट होतं. वन्सं भाजी चिरत होत्या, त्यांचा हात थांबला. "तुम्हीच उघडलीत? मी नव्हती सैल केली ती. नवी आहे, दुकानातून आणलेली."

"म्हणजे बाकीच्या तुम्ही सैल करून ठेवता?"

त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाल्या, "परत लावा बघू. परत उघडा." असं चार-पाच वेळा करायला लावलं. जॅम बाजूलाच राहिला.

मी हे लिहिते आहे आणि पूर्वीचं पान दिसतं आहे. पान फाडणार नाही. अधिकृत नोंदीत खाडाखोड चालत नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी दहाला रुग्णालयात. चिरंजीव कामावर, म्हणून वन्सं बरोबर. रात्री नीट झोप, सकाळी अंडं, पायात न घसरणारी चप्पल. वन्संनी वाटेत दोनदा विचारलं, "लघवीला जाऊन आलात ना?" जणू मी पहिलीच्या परीक्षेला चालले होते.

व्हरांडा रिकामा. रंग वाळला होता. पांढऱ्या बूटवालीच्या खोलीला कुलूप, आत खोकी रचलेली दिसत होती. खिडकीवरच्या कारकुनाला माझी तारीख दाखवली.

"ही तपासणी बंद झाली, बाई."

"कधी?"

"एक तारखेपासून."

"कशासाठी?"

"तक्रार आली होती." त्यानं फाईल काढली, बोट लावून वाचलं, मग माझ्या कार्डावरचं नाव वाचलं. पुन्हा फाईल. पुन्हा मी. "तुमचीच आली होती."

वन्सं जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "वहिनी, आपण जिंकलो का?"

त्यानं मला आदेशाची प्रत दिली. "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन किडनी विभागातील रुग्णांची स्नायूविषयक तपासणी तात्काळ बंद करण्यात येत आहे. आपले समाधान झाले असेल अशी आशा आहे." चार मुद्दे लिहिले होते. पडदा मागितला होता, सरळ खुर्ची मागितली होती, सूचना मागितली होती, तोंड आवरायला सांगितलं होतं. चारही मुद्दे एका ओळीत निकालात काढले. परीक्षेत गोंधळ झाला तर परीक्षा पुन्हा घेतात. विषय बंद करत नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि दोर माझ्याच घरचा.

पांढरी बूटवाली हाडांच्या विभागात सापडली. एका प्लास्टरवाल्याला काठी धरायला शिकवत होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल.

"मॅडम, पडद्याचं तुमचं बरोबरच होतं," ती म्हणाली. "मी स्वतः तीन वेळा मागितला होता. आणि मुलाला सांगितलं तेही चुकलंच माझं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"का?"

"तुम्ही 'मी तुमची आजी नाही' म्हणालात ना, तेव्हापासून."

मी तिला सांगितलं की मला फेरपरीक्षा हवी आहे, आत्ता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि स्टुलाच्या जागी एक खुर्ची ओढली. सरळ, लाकडी. प्लास्टरवाला गृहस्थ आदबीनं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हात छातीशी बांधले. पाच वेळा उठले. शेवटच्या वेळी पाय थरथरले, पण हात जिथे होते तिथेच होते.

"पास," ती म्हणाली. "छान पास." मूठ मोजता आली नाही. यंत्र खोक्यात, खोकं कुलपात.

"एवढंच कागदावर लिहून द्या."

"नाही देता येणार हो. बंद केलेल्या तपासणीचा निकाल कसा देऊ? त्याचीच तक्रार होईल." मग म्हणाली, "तुमच्या व्हरांड्यातले आठवतात? त्या महिन्यात तपासलेल्यांतले निम्मे तुमच्यासारखेच निघाले. कोणालाच पत्ता नव्हता. बाकीच्यांना बोलवायचं राहूनच गेलं."

दम धरा म्हणणारे गृहस्थ त्यांत होते का, हे मी विचारलं नाही.

बुधवार, २३ एप्रिल

चिरंजीव आले. त्यांना खुर्चीत बसवून मी खुर्चीतून उठून दाखवलं. म्हणजे आधी त्यांना उठवलं, मग मी बसले. पाच वेळा. वन्संनी मोजलं.

त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. मग म्हणाले, "मस्त, आई. खरंच. पण कागद?"

सांगितलं.

"म्हणजे तू तक्रार केलीस आणि त्यांनी तपासणीच बंद केली." त्यांनी कपाळाला हात लावला. हसू आवरत होते; वडिलांसारखेच दिसतात तेव्हा. मग हसू गेलं. "आई, त्या दिवशी तू पाचही प्रश्नांना नाही म्हणालीस. मी शेजारीच उभा होतो. स्टुलावरून पडलीस ते मला आत्यानं सांगितलं, तेही महिन्यानं. तू घरात कधी ठीक असतेस आणि कधी ठीक म्हणतेस, मला कसं कळायचं? रात्री फोन वाजला की मी आधी घड्याळ बघतो."

"मी रात्री फोन करत नाही."

"तेच तर."

कागदाशिवाय कोणाच्या शब्दावर विसंबू नये, हे त्याला लहानपणी मीच शिकवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

चार मे कायम आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळपासून अर्ज लिहिला. वन्संना वाचून दाखवला. एका जागी त्यांनी थांबवलं.

"'दोन व्यक्तींच्या निवाऱ्याचा प्रश्न' असं का घातलंत? माझं काय त्यात?"

"तुमचं नाही. तुमची ती मैत्रीण आहे ना, शिवणयंत्रवाली. तिचं."

वन्सं उठल्या, आणि दारामागची पिशवी उगाच उचलून दुसऱ्या खुंटीला लावली. परत येऊन बसल्या. "पुढे वाचा," म्हणाल्या. शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

प्रत इथे उतरवते.

प्रति, रुग्णालय प्रमुख यांस,

माझ्या ५ मार्चच्या तक्रारीवर आपण केलेली कार्यवाही मिळाली. माझे समाधान झालेले नाही.

तपासणी वाईट रीतीने घेतली, ही माझी तक्रार होती; तपासणी वाईट आहे, असे मी कोठेही म्हटलेले नाही. अर्ज पुन्हा वाचावा. चार वर्षे आपल्या काट्याने माझे वजन ठीक असल्याचे सांगितले. ते ठीक नव्हते, हे एका खुर्चीने सांगितले. ती खुर्ची आपण कुलपात ठेवली आहे.

मागणी अशी. तपासणी पुन्हा सुरू करावी. ती खोलीत, पडद्याआड, सरळ पाठीच्या न हलणाऱ्या खुर्चीवर घ्यावी. रुग्णास आधी कळवावे. निकाल प्रथम रुग्णास सांगावा, मग रुग्ण सांगेल त्यास. संबंधित फिजिओथेरपिस्ट यांना हाडांच्या विभागातून परत आणावे. त्यांच्या कामाविषयी माझी तक्रार नाही, आणि त्यांनी मागितलेला पडदा त्यांना का दिला नाही याचा खुलासा करावा. ज्या रुग्णांना तारखा देऊन बोलावले नाही त्यांना बोलवावे. त्यांना आपले स्नायू चालले आहेत हे माहीत नाही. मलाही नव्हते.

माझी फेरतपासणी घेऊन निकाल लेखी द्यावा. तो चांगला असेल तर चांगला द्यावा, वाईट असेल तर वाईट द्यावा. दोन व्यक्तींच्या निवाऱ्याचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

बुधवार, ३० एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर मिळावे. उत्तर टपालाने पाठवू नये, फोन करू नये, मुलाकडे देऊ नये. ते घेण्यासाठी मी स्वतः येईन. तिसऱ्या मजल्यावरून उतरून येईन, आणि परत चढून जाईन.